धर्मवाद आणि मतपरिवर्तन : मराठी गद्यातील काही साक्षी

हुबळीच्या विद्यानगर या भागात महाविद्यालयांची इतकी दाटी आहे की वस्तीचे नाव सार्थ वाटावे. तेथील एका महाविद्यालयाच्या वादविवादस्पर्धेत परीक्षक म्हणून बसण्याचा योग मागे आम्हांस आला होता. 'ईश्वरावरील श्रद्धेवाचून नीती टिकू शकते' हा विषय होता. कोणी अनुकूल बोलावे व कोणी प्रतिकूल, हे तीन आठवडे अगोदर चिठ्ठ्या टाकून ठरविण्यात आले होते. मुलांनी तयारी चांगली केली होती. प्रतिपक्षाचे मुद्दे खोडताना त्यांच्या वाणीस धार चढत होती आणि श्रोतेही मोकळ्या मनाने टाळ्या देत होते. आम्ही गुणांची बेरीज केली, ढाल दिली गेली, आणि सभा पांगली. सभागृहात येताना जो आस्तिक होता तो आस्तिकच घरी गेला व जो नास्तिक होता तो नास्तिकच, याविषयी आम्हांस मुळीच शंका नव्हती.

जिन्यापाशी मात्र एका स्पर्धक विद्यार्थिनीने आम्हांस थांबविले. तिच्या वाट्यास अनुकूल बाजू आली होती. घरी रोजची पूजा, शनिवारचा उपवास, श्रावणातील पोथी, अशा वातावरणात वाढलेली ती मुलगी होती. ती म्हणाली, "सर, स्पर्धा संपली, पण ते मुद्दे माझ्यापाशीच राहिले. प्रतिपक्षाने त्यांना जी उत्तरे दिली ती मला पुरेशी वाटली नाहीत. आता मी काय करू?" आम्ही त्या वेळी काहीतरी वेळ मारून नेणारे उत्तर दिले, हे कबूल केले पाहिजे. तो प्रश्न पुढे मनात राहिला, आणि त्याचे उत्तर शोधताना मराठी गद्याच्या पहिल्या शतकातील काही ग्रंथ आम्ही नव्याने वाचून काढले. धर्मविषयक वादाने माणसाचे मन बदलते काय, हा प्रश्न त्या शतकाने प्रत्यक्ष जगून पाहिला होता आणि त्याची नोंदही मागे ठेविली होती. ती नोंद वाङ्मय म्हणून वाचावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केलेला बरा. आपल्या न्यायशास्त्राने कथेचे, म्हणजे शास्त्रीय चर्चेचे, तीन प्रकार सांगितले आहेत. तत्त्वनिर्णयाच्या इच्छेने होतो तो वाद. विजयाच्या इच्छेने होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ परपक्षाचे खंडन करते ती वितंडा. चरकसंहितेतही वैद्यांनी परस्परांशी करावयाच्या चर्चेचे संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा असे दोन प्रकार केलेले आढळतात; एक स्नेहभावाची, दुसरी झुंजीची. आज आपण ज्यास सरसकट 'वाद' म्हणतो त्यातील बहुतांश प्राचीनांच्या दृष्टीने जल्प ठरेल. तेव्हा 'वादाने मन बदलते काय?' या प्रश्नापूर्वी 'जे चालले होते तो वाद होता काय?' हा प्रश्न विचारणे प्राप्त होते.

या कसोटीवर मुंबईतील धर्मवाद पाहू. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ साली मुंबईस आले आणि दोन वर्षांच्या आतच त्यांचे शास्त्रीमंडळींशी जाहीर वाद झडू लागले. मोरभट दांडेकर यांच्याशी १८३१ साली झालेला वाद त्यांतील विशेष गाजलेला. मोरभटांनी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' लिहिली, विल्सनसाहेबांनी पुढील वर्षी तिचे खंडन छापले, आणि नुकत्याच रुजू लागलेल्या मुद्रणकलेस खाद्य मिळाले. पुढे १८५७ साली जानेवारीपासून मेपर्यंत दर गुरुवारी सायंकाळी मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात वाद झाला. वाळूवर शेकडो माणसे जमत. मिशनऱ्यांच्या बाजूने प्रमुख होते जॉर्ज बोवेन. त्यांनीच या वादाचा वृत्तान्त इंग्रजीत त्याच वर्षी प्रसिद्ध केला, आणि मराठीतही हा वाद ग्रंथरूपाने वाचावयास मिळतो.

हा वृत्तान्त आज वाचताना वाङ्मयरसिकाची निराशा होते. दोन्ही पक्ष परस्परांच्या ग्रंथांतील विसंगती शोधीत राहतात. एकाने पुराणांतील देवांची लीला काढावी, दुसऱ्याने आदाम आणि हव्वेच्या कथेवर बोट ठेवावे; एकाने अवतारांची थट्टा करावी, दुसऱ्याने ईश्वरास पुत्र कसा असू शकतो असे विचारावे. प्रश्न विचारणारा उत्तराची वाट पाहत आहे असे फार थोड्या ठिकाणी जाणवते. प्रत्येकाची नजर समोरच्या प्रतिपक्षावर नसून भोवतालच्या गर्दीवर आहे. शास्त्रीय भाषेत बोलावयाचे तर हा जल्प होय, आणि जल्पाने प्रतिपक्षाचे मन बदलत नाही, याची जणू सविस्तर नोंदच या ग्रंथात झाली आहे. विष्णुबुवा ख्रिस्ती झाले नाहीत, बोवेन वैदिक झाले नाहीत, आणि दोन्ही पक्षांनी आपलाच जय झाला असे मानले.

परंतु एवढ्यावर निकाल देणे घाईचे होईल. विष्णुबुवांचा 'वेदोक्त धर्मप्रकाश' १८५९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील धर्म आणि मुंबईच्या सामान्य गृहस्थाच्या घरी त्या वेळी चालत असलेला धर्म यांत बरेच अंतर आहे. वर्ण जन्मावरून न मानता गुणकर्मावरून मानावेत, असे म्हणण्यापर्यंत बुवांची मजल गेली. १८६७ सालच्या 'सुखदायक राज्यप्रकरणी निबंधा'त तर साऱ्या प्रजेचे एक कुटुंब कल्पून उत्पन्न समाईक ठेवण्याची योजना त्यांनी मांडली. हे सारे मिशनऱ्यांच्या युक्तिवादामुळे घडले, असे आम्ही म्हणत नाही. बुवांची प्रतिभा स्वतंत्र होती. तथापि ज्यास आपला धर्म चारचौघांत युक्तीने सिद्ध करून दाखवावा लागतो, त्याने युक्तीचे न्यायासन आधीच मान्य केलेले असते. जे युक्तीने सिद्ध करता येत नाही ते अशा बचावकर्त्याच्या हातून हळूहळू गळत जाते. प्रतिपक्षापुढे तो तसूभर मागे सरत नाही. परंतु ज्या भूमीचे तो रक्षण करीत असतो तिच्या सीमा त्याच्याच हातून नव्याने आखल्या जातात.

बोवेन यांचे चरित्रही या संदर्भात पाहण्याजोगे आहे. समुद्रकिनारी इतक्या हिरिरीने युक्तिवाद करणारे हे गृहस्थ तरुणपणी स्वतः अश्रद्ध होते. त्यांची वाग्दत्त वधू १८४४ साली मरण पावली. बायबल नित्य वाचीत जा, अशी तिची अखेरची इच्छा होती. त्या इच्छेखातर त्यांनी ग्रंथ उघडला आणि पुढे ते श्रद्धेकडे वळले. म्हणजे जो मनुष्य वादाने इतरांचे मन बदलू पाहत होता, त्याचे स्वतःचे मन वादाने बदललेले नव्हते.

आता मुंबई सोडून माळव्यात सिहोरास जाऊ. तेथील इंग्रज अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांच्या पाठशाळेत सुबाजी बापू नावाचे महाराष्ट्रीय ज्योतिषी होते. विल्किन्सनसाहेबांनी त्यांच्यापुढे पाश्चात्त्य ग्रंथ टाकण्याआधी आपल्याच भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणि' ठेविला. पृथ्वी गोल आहे व निराधार अवकाशात आहे, हे पुराणांस न जुळणारे मत सिद्धान्तग्रंथांत पूर्वीच होते. तेथून सूर्यकेंद्री मताकडे जाणे बापूंस अवघड गेले नाही. त्यांनी १८३६ साली मराठीत 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' लिहून नव्या ज्योतिषाचा पुरस्कार केला. यानंतर तीनच वर्षांनी जॉन म्यूर यांनी 'मतपरीक्षा' हा ख्रिस्ती मताचे मंडन करणारा संस्कृत ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याला आलेल्या पहिल्या उत्तराचा, सोमनाथ या नावाने लिहिलेल्या 'मतपरीक्षाशिक्षे'चा, कर्ता हेच सुबाजी बापू असल्याचे अभ्यासकांनी दाखविले आहे. आकाशाविषयीचे मत बदलणारा हा पंडित धर्माविषयी मात्र जागचा हलला नाही. यातील मर्म आम्हांस असे दिसते की, जे प्रमाण मन पूर्वीच मान्य करते त्या प्रमाणाच्या वाटेने आलेला विचार आत प्रवेश करू शकतो. बाहेरचे प्रमाण घेऊन आलेला विचार उंबऱ्यावरच थांबविला जातो.

म्यूर यांच्या याच ग्रंथास तिसरे उत्तर आले ते काशीहून. नीलकंठशास्त्री गोरे यांचे घराणे मूळचे कोकणातले, काशीत स्थायिक झालेले. नीलकंठशास्त्री विशीच्या आसपासचे होते, तेव्हा १८४४-४५ साली त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' रचून ख्रिस्ती मताचे खंडन केले. काशीतील मिशनऱ्याकडे ते प्रथम गेले तेही त्यास निरुत्तर करावे या हेतूने. आणि याच नीलकंठशास्त्र्यांनी १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला. त्यांचे नाव पुढे नेहेम्या गोरे असे झाले.

हे एवढे एकच उदाहरण पाहिले तर वादाने मन बदलते असे म्हणावेसे वाटेल. परंतु बारकाईने पाहता येथे प्रतिपक्षाने गोऱ्यांस जिंकल्याचे दिसत नाही. खंडन करावयाचे म्हणून त्यांनी परमत अभ्यासिले. ते प्रामाणिकपणे अभ्यासिले म्हणून त्याचे बळ त्यांस कळले. आणि जो प्रतिवादी आरंभी बाहेर उभा होता तो एके दिवशी त्यांच्या स्वतःच्याच मनात येऊन बसला. एकदा तो आत आला म्हणजे सभा संपल्याने त्याची सुटका होत नाही. गोऱ्यांचे पुढील आयुष्यही याची साक्ष देते. धर्मांतरानंतर शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. ख्रिस्ती मताविषयीही त्यांस वारंवार संशय येत, आणि त्यांच्याशी ते झगडत राहिले. हिंदी 'षड्दर्शनदर्पणा'त दर्शनांचे जे खंडन त्यांनी केले, ते वाचतानाही हा मनुष्य स्वतःच्या पूर्ववयाशी बोलत असावा असे आम्हांस वाटत राहते.

येथे आमचे मुख्य विधान मांडण्याची वेळ आली आहे. धर्मविषयक वाद दोन माणसांत चालू असतो तोपर्यंत तो बहुधा जल्पच असतो. तो खरा वाद होतो तो सभा उठल्यावर, एकट्या माणसाच्या मनात, जेव्हा दोन्ही पक्ष त्यालाच मांडावे लागतात. यामुळेच धर्मवादाचा निकाल वादग्रंथांत सापडत नाही. तो आत्मचरित्रांत सापडतो. मराठी गद्यापुरते बोलावयाचे तर मोरभट, विल्सन, बोवेन यांचे ग्रंथ आज संशोधकांवाचून कोणी उघडत नाही. उलट त्याच संघर्षातून निर्माण झालेली आत्मकथने वाङ्मय म्हणून टिकून राहिली, यास हेच कारण असावे.

बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' (१८८८) घ्या. पदमनजी बेळगावचे. धारवाडाप्रमाणे तो जिल्हाही १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता, त्यामुळे या भागातील मराठी वाचकांस ते आपल्या परसातलेच वाटावेत. १८३१ साली जन्मलेल्या या मुलाने बेळगावच्या व पुढे मुंबईच्या मिशन शाळेत शिक्षण घेतले आणि १८५४ साली बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. ग्रंथाचे नावच किती समर्पक आहे! पौलाच्या कथेत धर्मांतर विजेसारखे येते. दमास्कसच्या वाटेवर लख्ख प्रकाश पडतो आणि मनुष्य भूमीवर कोसळतो. पदमनजींनी आपल्या कथेस विजेचे नाव दिले नाही, पहाटेचे दिले. अमुक क्षणी रात्र संपली असे पहाटेविषयी कोणी सांगू शकत नाही. ग्रंथातही तसेच आहे. शाळेतील धडे, मित्रांशी बोलणे, पुराणांविषयी उत्पन्न झालेला संशय, त्या संशयाची भीती, वडिलांचा धाक, मध्येच एकेश्वरी विचारांवर विसावणे, पुन्हा बेचैनी, अशा पायऱ्यापायऱ्यांनी कथा पुढे सरकते. वादांचा उल्लेख येतो; परंतु अमुक युक्तिवादाने मी निरुत्तर झालो व म्हणून बदललो, असा हिशेब लेखकास मांडता येत नाही. ग्रंथात उपदेशाचा भाग पुष्कळ आहे आणि तेथे तो कंटाळवाणाही होतो. पण वडिलांस काय वाटेल या विचाराने तळमळणारा तरुण जेथे दिसतो, तेथे तो आजही जिवंत वाटतो.

पदमनजींच्या तरुणपणी मुंबईत १८४९ च्या सुमारास स्थापन झालेली परमहंस सभा गुप्तपणे काम करीत होती, आणि काही काळ तेही तिच्या वर्तुळात होते. जातिभेद खोटा आहे, मूर्तिपूजा त्याज्य आहे, ईश्वर एक आहे, याविषयी सभासदांची बुद्धी निःशंक झालेली होती. इतर जातीच्या हातचा पाव ते सभेत खात. परंतु हे सारे बंद दाराआड चालत असे. बाहेर प्रत्येकजण आपापल्या जातीचे सोवळे सांभाळून होता. सभासदांची यादी १८६० च्या सुमारास चोरीस गेली आणि नावे उघड होणार या भीतीनेच सभा मोडली. युक्तिवादाने बुद्धीस पटवून दिले म्हणजे काम संपले असे मानणाऱ्यांनी या सभेचा इतिहास अवश्य ध्यानी घ्यावा. येथे बुद्धी बदललेली होती. पंगत बदललेली नव्हती. श्रद्धा ही केवळ मतांची यादी असती तर या सभासदांस भिण्याचे कारणच उरले नसते. ती आईच्या स्वयंपाकघरात, बहिणीच्या लग्नात, बापाच्या श्राद्धात गुंतलेली असते, आणि युक्तिवाद यांपैकी कशासही उत्तर देऊ शकत नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. त्यांचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात झाला. आईवडील दुष्काळात गेले. पुराणे सांगत त्यांनी सारा देश पायांखाली घातला. कलकत्त्यास धर्मशास्त्रे वाचताना त्यांस आढळले की अनेक बाबतींत परस्परविरुद्ध असलेले हे ग्रंथ स्त्री आणि शूद्र यांच्या हीनत्वाविषयी मात्र एकमत आहेत. त्यांची जुनी श्रद्धा ढळली ती त्या वाचनाने, कोणा प्रतिपक्षाच्या भाषणाने नव्हे. पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. या निर्णयात नेहेम्या गोरे यांच्या लेखनाचा मोठा वाटा होता, असे त्यांनीच सांगितले आहे. म्हणजे लेखी युक्तिवाद येथे निश्चित कामास आला. तो कामास का आला? लिहिणारा परका नव्हता. त्याच शास्त्रांत मुरलेला, त्याच वाटेने ठेचा खात गेलेला होता. आणि तरीही त्यांच्या साक्षीत गोऱ्यांच्या युक्तिवादाशेजारी आणखी एक गोष्ट येते : लंडनच्या फुलहॅम भागात पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांस सांभाळणारे घर त्यांनी पाहिले, आणि शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो तो कथाभाग तेथे ऐकला. युक्तीने दार लोटले असेल. आत नेले ते त्या घराने.

याच रमाबाईंची वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन व इतर धर्माधिकाऱ्यांशी जी पत्रापत्री झाली तीही वाचण्यासारखी आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली ती इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. नव्या धर्मात येताच या बाईंनी गुरूंस प्रश्न विचारण्यास आरंभ केला. त्रैक्याचा सिद्धान्त, चर्चचा अधिकार, विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य, यांपैकी कोणत्याही बाबतीत केवळ सांगितले म्हणून मानावयास त्या तयार नव्हत्या. पत्रांमागून पत्रे गेली. कोणीही कोणास हलवू शकले नाही. ज्या मनाने एक धर्म स्वतः विचार करून सोडला ते मन दुसऱ्या धर्मातही विचार करणे सोडीत नाही. मतांतर घडवून आणणाऱ्यांनी हे सत्य नेहमीच उशिरा ओळखले आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'कडे आम्ही सर्वांत शेवटी वळत आहोत, कारण आमच्या मते या प्रश्नावरील मराठीतील सर्वांत परिपूर्ण ग्रंथ तोच होय. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांच्या प्रवासाचा आरंभ नागपूरहून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत भेटलेल्या एका युरोपीय सहप्रवाशापासून होतो. त्याने फारसा वाद न घालता त्यांच्या हाती नवा करार ठेविला. टिळक कवी, पंडित व फर्डे वक्ते होते. अशा मनुष्यास आपल्या पत्नीचे मन वळविणे कठीण पडू नये. प्रत्यक्षात झाले ते असे की पती धर्मांतरित झाल्यावर लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या, आणि पुन्हा एकत्र आल्या तेव्हाही आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी त्यांनी वेगळे ठेविले. टिळकांच्या वक्तृत्वाने त्या चुलीचा एक दगडही हलला नाही.

मग ते सोवळे सुटले कसे? त्यांनी स्वतः सांगितले आहे की जात ही देवाने केली की माणसांनी, हा विचार एकदा त्यांच्या मनात सुरू झाला, तो मनातल्या मनात पुरता झाला, आणि यापुढे कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यावयाचे असा निश्चय त्यांनी केला. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. बाप्तिस्मा पुढे १९०० साली झाला. परमहंस सभेशी याची तुलना करावी. तेथे मत पुढे गेले आणि पंगत मागे राहिली. येथे पंगत प्रथम बदलली आणि मत तिच्या मागून आले. नवरा वाद घालीत होता तोवर त्यास विरोध करणे हेच लक्ष्मीबाईंचे काम होते. तो गप्प बसला, थांबला, तेव्हा त्याचे बोलणे त्यांस स्वतःशी बोलता आले.

'स्मृतिचित्रां'चा विनोद हा या दृष्टीने केवळ शैलीचा अलंकार राहत नाही. जुन्या सोवळ्याची त्या थट्टा करतात, पण ते पाळणाऱ्या लक्ष्मीबाईंचा त्या उपहास करीत नाहीत. नव्या धर्मातील माणसांचे तऱ्हेवाईकपणही त्यांच्या नजरेतून सुटत नाही. दोन्ही घरांत त्या राहिल्या आहेत आणि दोन्ही घरांतील माणसांवर त्यांचे प्रेम आहे. पदमनजींस आपल्या पूर्वायुष्याकडे पाहताना अंधारच अधिक दिसतो. लक्ष्मीबाईंस तेथेही दिवा दिसतो. म्हणूनच 'अरुणोदय' हा विशिष्ट मताच्या वाचकांचा ग्रंथ राहिला आणि 'स्मृतिचित्रे' साऱ्या महाराष्ट्राची झाली.

यावर कोणी असे विचारील की, मन जर एकांतातच बदलत असेल तर जाहीर वादाचे प्रयोजन काय? आमचे उत्तर असे की वादाचा खरा श्रोता प्रतिपक्षी नसून कडेला उभा असलेला तिसरा मनुष्य असतो. समुद्रकिनारी मागच्या रांगेत उभा राहून ऐकणाऱ्या एखाद्या मुलाने मनात काय नेले, हे विष्णुबुवांस किंवा बोवेन यांस कळण्याचा मार्ग नव्हता. डॉ. आंबेडकरांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. 'जातिनिर्मूलना'वरून १९३६ साली महात्मा गांधींशी त्यांचा जो लेखी वाद झाला त्याने त्या क्षणी कोणाचीच भूमिका बदलली नाही. परंतु १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची घोषणा आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धर्मदीक्षा यांच्यामधील एकवीस वर्षांत या वादांनी लक्षावधी ऐकणाऱ्यांस आपला अनुभव सांगण्यासाठी शब्द दिले. गांधीजींचे आंतरजातीय विवाहांविषयीचे मतही पुढील दहा वर्षांत पुष्कळ बदलले, ते मात्र कोणत्याही सभेतील पराभवामुळे नव्हे. वाद बी टाकतो. उगवण त्याच्या हाती नसते.

जे वादाने साधत नाही ते दडपणाने साधेल, असेही काहींस वाटते. त्यांच्यासाठी विद्यानगरापासून वीसेक किलोमीटरवरील धारवाडचे उदाहरण पुरेसे आहे. कन्नड संशोधक एम. एम. कलबुर्गी यांस बसवेश्वरांच्या परिवाराविषयीच्या आपल्या लेखनातील विधाने १९८९ साली धर्ममंडळींच्या दडपणाखाली मागे घ्यावी लागली. कुटुंबाच्या जिवासाठी आपण ते केले, पण त्या दिवशी आपली बौद्धिक आत्महत्या झाली, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले होते. म्हणजे शब्द मागे गेले. मन होते तेथेच राहिले. ३० ऑगस्ट २०१५ रोजी धारवाडात राहत्या घरी गोळ्या घालून त्यांची हत्या झाली. त्यापूर्वी दोन वर्षे पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत कोल्हापुरात गोविंद पानसरे असेच मारले गेले होते. वादाने काहीच घडत नाही असे मारणाऱ्यांचे मत असते तर त्यांनी हा खटाटोप केला नसता. वादाच्या सामर्थ्याविषयी इतका भीषण अभिप्राय दुसरा नाही.

एकनाथांनी सोळाव्या शतकात हिंदू आणि तुर्क यांचा संवाद रचिला. दोघे एकमेकांच्या धर्मातील दोष काढतात, भांडतात, आणि अखेरीस समजूत पटून एक होतात. प्रत्यक्ष व्यवहारात असे क्वचितच घडते, असा आक्षेप त्यावर घेता येईल. परंतु त्या रचनेत ते घडू शकले याचे कारण दोन्ही पक्ष एकाच मनाने बोलविले आहेत हे होय. नाथांनी तुर्काच्या तोंडी दुबळा युक्तिवाद घातलेला नाही. परपक्ष आपल्याच अंतःकरणात पूर्ण बळानिशी उभा करण्याची ही शक्ती जेथे आहे तेथेच जल्पाचा वाद होतो.

अध्यापकांच्या दृष्टीने यातून एक व्यवहार्य गोष्ट निघते. आपल्या स्पर्धांतून आपण मुलांस जिंकावयास शिकवितो. चिठ्ठीने बाजू देण्याची प्रथा पुष्कळांस कृत्रिम वाटते; आम्हांसही वाटे. आता वाटत नाही. न मानलेली बाजू तीन आठवडे मनापासून मांडावी लागणे, हेच त्या स्पर्धेतील खरे शिक्षण आहे. याच्या जोडीस एवढाच नियम करावा की प्रत्येक वक्त्याने आपले खंडन सुरू करण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे असे मांडावे की प्रतिपक्षानेच 'होय, हेच आमचे म्हणणे' असे म्हणावे. आणि परीक्षकांनी त्यास वेगळे गुण द्यावेत.

जिन्यापाशी थांबलेल्या त्या विद्यार्थिनीस आम्ही आता काय सांगू? तिची श्रद्धा टिकेल की जाईल, हे आम्हांस ठाऊक नाही, आणि ते ठरविण्याचा अधिकारही आमचा नाही. ती गोऱ्यांच्या वाटेने जाईल, विष्णुबुवांप्रमाणे आपला धर्म नव्याने उभारील, किंवा आहे तेथेच अधिक डोळसपणे राहील. आम्ही तिला इतकेच सांगू की उत्तर देण्याची घाई करू नकोस. ते मुद्दे आणखी काही वर्षे जवळ बाळग, आणि ग्रंथालयातून 'स्मृतिचित्रे' घेऊन जा.